मोजलेला आकडा की मांडलेला हिशेब?

बेळगाव-निपाणीच्या टापूशी गोव्याचे नाते रोजचे आहे. चोर्ल्याच्या आणि अनमोडच्या घाटांतून पहाटे जे दूध आणि जो भाजीपाला आमच्या बाजारपेठांत उतरतो, त्यात बेळगाव-खानापूर परिसराचा वाटा मोठा असतो. त्याच रस्त्यांनी तिकडचे रुग्ण कागदांची पिशवी काखेत धरून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे येत असतात. निपाणीकरांना कोल्हापूर आणि मिरज जवळची. बेळगाव शहरात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून उभे आहे, जिल्हा रुग्णालयही आहे. तरीही एका दुखण्यासाठी दोन-तीन गावे, प्रसंगी दोन-तीन राज्ये हिंडणे हा सीमाभागातील माणसाचा जणू प्रघातच होऊन बसला आहे. त्याच्या पिशवीतील एका कागदाविषयी, किंबहुना त्या कागदावरील एकाच आकड्याविषयी, आम्ही आज लिहीत आहोत. तो आकडा रक्तातील कोलेस्टेरॉलचा. ज्यांच्या यकृतात चरबी साठली आहे अशा माणसांच्या बाबतीत हा आकडा पुष्कळदा फसवा ठरतो, आणि ज्याला तो फसवतो त्याला त्याची किंमत हृदयाने मोजावी लागते.

यकृतातील चरबी, म्हणजे सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ म्हणून लिहिला जाणारा विकार, आता अपरिचित राहिलेला नाही. देशातील नऊ ते बत्तीस टक्के लोकांत तो असावा असा शासकीय अंदाज आहे. केंद्र सरकारने २०२१ साली असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश केला. दारूला न शिवणाऱ्या माणसालाही हा विकार होतो. मधुमेह, पोटाचा घेर, वाढलेली स्निग्ध द्रव्ये आणि बैठे जीवन हे त्याचे सोबती. या संबंधाची दखल घेऊनच २०२३ मध्ये जागतिक पातळीवरील तज्ज्ञांनी त्याचे इंग्रजी नावही बदलले आणि शरीरातील चयापचयाच्या बिघाडाशी ते जोडले. सामान्य माणसाला वाटते की यकृताचा रोग म्हणजे धोका यकृतालाच. वस्तुस्थिती अशी की, या रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत पहिला क्रमांक हृदयविकाराचा लागतो, यकृताचा नव्हे. म्हणूनच अशा माणसाच्या रक्तातील कोलेस्टेरॉल नेमके किती, हा प्रश्न त्याच्या आयुष्याशी निगडित आहे.

‘आमची माणसे तर काटकुळी, त्यांना कसली आली चरबी?’ असा प्रश्न सीमाभागात कोणी विचारील. त्याचे उत्तर पुण्याने जगाला दिले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, म्हणजे दोघांचाही देहभारांक २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसण्यात सडपातळ आणि आतून मेदयुक्त अशी ही भारतीय देहयष्टी. निपाणीच्या घराघरांत मांडीवर सूप घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत विड्या वळणारी स्त्री डोळ्यांसमोर आणावी. तिचे श्रम अपार. पण ते बोटांचे, खाली मान घालून बसल्या जागचे. तिला कोणी लठ्ठ म्हणणार नाही. म्हणून तिच्या यकृताची वा रक्ताची चौकशी करावी असेही सहसा कोणाच्या मनात येत नाही.

आता त्या आकड्याकडे वळू. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड ही स्निग्ध द्रव्ये रक्तात सुटी वाहत नाहीत. प्रथिनांच्या वेष्टनात, लहानमोठ्या कणांतून ती वाहिली जातात. त्यांपैकी एलडीएल नावाचे कण रोहिणीच्या भिंतीत शिरून तेथे थर साचवितात, म्हणून त्यांतील कोलेस्टेरॉलला लोक ‘वाईट’ म्हणतात. एचडीएलला ‘चांगले’ हे विशेषण लाभले आहे. तिसरे व्हीएलडीएल. हे कण यकृत तयार करून रक्तात सोडते आणि त्यांत मुख्यतः ट्रायग्लिसराइड भरलेले असते. डॉक्टरांचे लक्ष बहुधा एलडीएलवर असते आणि औषध द्यावे की न द्यावे, हे बव्हंशी त्याच आकड्यावरून ठरते.

परंतु पुष्कळ प्रयोगशाळांत एलडीएल मोजले जात नाही, ते हिशेबाने काढले जाते, ही गोष्ट किती जणांना ठाऊक असते? एलडीएल खऱ्या अर्थाने मोजावयाचे तर रक्तद्रव अतिवेगाने फिरविणारे मोठे यंत्र लागते आणि वेळही पुष्कळ जातो. ती यातायात टाळण्यासाठी फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन या तीन अमेरिकन संशोधकांनी १९७२ साली एक सोपे सूत्र मांडले. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावे, मग ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून येणारी संख्या वजा करावी. उरेल ते एलडीएल. हे सूत्र ४४८ व्यक्तींच्या तपासणीवर आधारलेले होते. व्हीएलडीएल कणांत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल यांचे प्रमाण पाचास एक असे ठरलेले असते, हे त्यातील गृहीत. ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर हे सूत्र वापरू नये, असे त्या संशोधकांनीच बजावले होते. निरोगी माणसाच्या बाबतीत या सूत्राने अर्धशतक उत्तम काम दिले आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

गाडे अडते ते चरबीने भरलेल्या यकृतापाशी. असे यकृत व्हीएलडीएलचे मोठमोठे, ट्रायग्लिसराइडने ठासून भरलेले कण रक्तात सोडते. मग पाचास एक हे प्रमाण राहत नाही. एका भागाला सहा, सात, त्याहूनही अधिक होते. तरीही हिशेब पाचानेच केला, तर वजाबाकी गरजेपेक्षा मोठी होते आणि उरणारे एलडीएल प्रत्यक्षाहून कमी दिसते. म्हणजे ज्याचा धोका अधिक त्याचाच आकडा खाली उतरतो. शिवाय ज्याचे एलडीएल मुळातच कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त, त्याच्या बाबतीत ही चूक आणखी वाढते. औषधे घेत असलेला मधुमेही नेमका असाच असतो.

उदाहरणच घेऊ. एका मधुमेही माणसाचे एकूण कोलेस्टेरॉल १६०, एचडीएल ३५ आणि ट्रायग्लिसराइड ३५० आहे असे समजा. जुन्या सूत्राने १६० उणे ३५ उणे ७०, म्हणजे एलडीएल ५५. हृदयविकाराचा धोका मोठा असलेल्या माणसाने एलडीएल ७० च्या खाली राखावे, असे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली सांगितले आहे. त्या मापाने हा माणूस पुष्कळच सुरक्षित दिसतो आणि समाधानाने घरी जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०२० साली जे सुधारित सूत्र मांडले, त्यात हेच आकडे घातले तर उत्तर सुमारे ७० येते; म्हणजे तो ऐन उंबरठ्यावर आहे. आता तिसरा, सर्वांत साधा हिशेब करू. एकूण कोलेस्टेरॉलमधून केवळ एचडीएल वजा केले की उरतात १२५. याला ‘नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल’ म्हणतात आणि अशा रुग्णात ते १०० च्या आत असावे, असे तीच सोसायटी सांगते. या मापाने तो सरळसरळ धोक्यात आहे. माणूस एक, रक्त एक, सकाळ एक. निवाडे मात्र तीन.

यांतील कोणता निवाडा विश्वसनीय मानावा? २०१३ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉ. सेथ मार्टिन आणि सहकाऱ्यांनी साडेतेरा लाखांहून अधिक नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांना एकच पाचाचा भाजक लावण्याऐवजी प्रत्येकाच्या ट्रायग्लिसराइड व नॉन-एचडीएलनुसार भाजक बदलावा, अशी पद्धत त्यांनी दिली. २०२० चे सूत्र ट्रायग्लिसराइड ८०० पर्यंत असतानाही चालते असे तिचे कर्ते सांगतात. ही दोन्ही सूत्रे संगणकात बसवावयास खर्च जवळजवळ नाही. काही प्रयोगशाळा रसायनांच्या साहाय्याने एलडीएल थेट मोजतात, त्याचेही स्वागत आहे. तथापि ट्रायग्लिसराइड फार वाढले असता त्या पद्धतीही डळमळतात आणि निरनिराळ्या उत्पादकांच्या रसायनांचे निकाल नेहमी जुळतातच असे नाही. ‘एपो-बी’ ही चाचणी आणखी भरवशाची. रोहिणीत थर साचविणाऱ्या प्रत्येक कणावर या प्रथिनाचा एकच रेणू असतो, म्हणून ती त्या कणांची शिरगणतीच होय. ती महाग आहे आणि सर्वत्र मिळत नाही, हे खरे. नॉन-एचडीएलला मात्र वेगळी चाचणी लागत नाही, वेगळा पैसा लागत नाही, बहुधा उपाशीपोटी येण्याचीही गरज नसते. लागते ती एक वजाबाकी. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर असेल तेव्हा नॉन-एचडीएलकडे लक्ष द्यावे, असे २०२४ च्या भारतीय मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे. यकृतात चरबी असलेल्या पुष्कळ रुग्णांना हे वाक्य जसेच्या तसे लागू पडते.

याच्याही पुढचा एक धोका सांगितला पाहिजे. कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृतच तयार करते. चरबीचा विकार वाढत जाऊन यकृत कठीण झाले, म्हणजे सिरॉसिसच्या अवस्थेला पोचले, की कोलेस्टेरॉल आपोआप घटू लागते. दोन वर्षांपूर्वी २२० असलेला आकडा १४० वर आला म्हणून घरात आनंद व्हावा आणि तिकडे यकृत हात टेकत असावे, असे घडू शकते. उलट पित्ताचा मार्ग अडला तर रक्तात एक विकृत कण निर्माण होतो आणि तो हिशेबात एलडीएल म्हणून धरला जातो. तेव्हा आकडा फुगतो. म्हणून यकृताची हकीकत ठाऊक नसता कोलेस्टेरॉलचा आकडा वाचणे म्हणजे मागचापुढचा संदर्भ सोडून मधलेच एक वाक्य वाचणे होय. सोनोग्राफीचा कागद एका डॉक्टरकडे आणि रक्ताचा कागद दुसऱ्याकडे, अशी आज पुष्कळांची स्थिती असते. हे दोन कागद एकत्र वाचले गेले पाहिजेत.

आकडा कमी दिसल्याने औषध सुरू होत नाही, ही एक बाजू झाली. दुसरी बाजू गैरसमजाची. ‘लिव्हरला सूज आहे, तेव्हा कोलेस्टेरॉलची गोळी नको’ असे रुग्णाला सांगितले जाते किंवा तो स्वतःच ती बंद करतो. स्टॅटिन गटाच्या या गोळ्या यकृतातील साध्या चरबीच्या रुग्णांना सामान्यतः सुरक्षित आहेत, हा आता वैद्यकशास्त्राचा स्थिर निष्कर्ष आहे. या गोळ्या घेणाऱ्याने ठराविक काळाने यकृताची तपासणी करीत राहावी ही शिफारस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ सालीच मागे घेतली. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ग्रीसमधील अभ्यासात तर यकृताच्या चाचण्या थोड्या बिघडलेल्या रुग्णांना या औषधाने हृदयविकारापासून संरक्षण मिळालेच, शिवाय त्या चाचण्याही सुधारल्याचे दिसले. सिरॉसिस विकोपाला गेलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. तेथे तज्ज्ञाचा सल्ला हवाच. परंतु इतरांनी भीतीपोटी औषध नाकारणे आणि वर चुकीच्या आकड्याने त्या नकाराला पाठबळ देणे, हा दुहेरी घात होय.

सीमाभागात हा प्रश्न अधिक बिकट होतो, याचे कारण उघड आहे. निपाणीत एक तपासणी, सहा महिन्यांनी कोल्हापुरात दुसरी, त्यानंतर बेळगावात तिसरी आणि दुखणे बळावल्यावर बांबोळीत चौथी. प्रत्येक ठिकाणी यंत्र निराळे, रसायन निराळे, कदाचित सूत्रही निराळे. एलडीएल ७० वरून ५५ वर आले ते औषधाने, पथ्याने की सूत्र बदलल्याने, हे तो कागद सांगत नाही. कारण पुष्कळ अहवालांवर आकडा कसा काढला हेच छापलेले नसते. आरोग्य शिबिरांत बोट टोचून तपासणारी लहान यंत्रे असतात, त्यांतही एलडीएल अनेकदा हिशेबानेच येते. डॉक्टरने तरी काय करावे? समोरच्या गर्दीतून दोन मिनिटे काढून तो आकडा पाहतो आणि पुढचे नाव पुकारतो.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सीमाभागातील ८६५ गावांना आपल्या जनआरोग्य योजनेचा लाभ देण्याचे ठरविले. त्यावरून दोन राज्यांत वादही झडला. या वादात आज आम्हांस शिरावयाचे नाही. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि त्याचा निकाल तेथे लागेल. आमचे म्हणणे इतकेच की, अशा योजना, मग त्या मुंबईच्या असोत की बंगळूरच्या, प्रामुख्याने झटका आल्यानंतरच्या खर्चाचा विचार करतात. रक्तवाहिनी रुंद करण्यासाठी हजारो रुपये मंजूर होतात. ज्या कागदाने तो झटका दहा वर्षे आधी सूचित करावयाचा, तो कागद अचूक असावा यासाठी कोणी भांडत नाही.

आणि हे फार अवघड आहे काय? पहिली मागणी अशी की, एलडीएलचा आकडा मोजलेला आहे की हिशेबाने काढलेला, आणि हिशेबाचा असल्यास कोणत्या सूत्राने, हे प्रत्येक अहवालावर एका ओळीत छापले जावे. दुसरी, नॉन-एचडीएलचा आकडा त्याच कागदावर एलडीएलच्या शेजारी असावा. तिसरी, ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे असता जुन्या सूत्राचा आकडा देऊच नये आणि उपाशीपोटी पुन्हा रक्त घ्यावे. चौथी, प्रयोगशाळांनी आपल्या निकालांची बाहेरून पडताळणी करून घ्यावी. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयामार्फत अशी योजना वर्षानुवर्षे चालते. कर्नाटकात २००७ च्या कायद्यान्वये खासगी वैद्यकीय आस्थापनांची नोंदणी होते आणि रोगनिदान प्रयोगशाळा तिच्या कक्षेत येतात. तेव्हा बेळगाव जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी मनावर घेतले तर ही एक ओळ छापून घेण्यास नवा कायदा लागणार नाही. तसेच ती ओळ कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असावी. तिला राजकारणाचा वास येण्याचे कारण नाही. रुग्णाला आपला कागद वाचता यावा, इतकाच तिचा हेतू.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, दहा-पंधरा मिलिग्रॅमच्या फरकाने काय बिघडते? ज्याचे ट्रायग्लिसराइड बेताचे आहे त्याचे काहीच बिघडत नाही. तेथे सर्व सूत्रे जवळजवळ एकच उत्तर देतात आणि त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. बिघडते ते सीमारेषेवर उभ्या असलेल्याचे, आणि यकृतात चरबी असलेले मधुमेही बहुधा त्याच रेषेवर उभे असतात. दुसरा आक्षेप असा की, आकडा अचूक झाला म्हणून रोग का बरा होणार आहे? होणार नाही, हे आम्हांसही मान्य आहे. स्थूल रुग्णाने वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरविले तर यकृतातील चरबी पुष्कळ घटते, आणि त्यासाठी चहातील साखर, गोड पेये, तंबाखू आणि बैठी सवय यांच्याशीच झुंजावे लागेल. चहूकडे उसाचे मळे आणि साखर कारखाने असलेल्या, तंबाखूवर पोट असलेल्या मुलखात ही झुंज सोपी नाही. पण झुंजणाऱ्याला आपण कोठे उभे आहोत हे तरी खरे कळावयास हवे.

आमच्या गोमंतकीय वाचकांनीही हा प्रश्न घाटापलीकडचा समजू नये. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. त्याच पाहणीत देशातील ८१.२ टक्के प्रौढांच्या रक्तातील स्निग्ध द्रव्यांत कसला ना कसला बिघाड दिसला. जेथे मधुमेह तेथे यकृतातील चरबी, आणि जेथे ती तेथे हा फसवा आकडा. बांबोळीत येणारा बेळगावचा रुग्ण आणि त्याच्या शेजारी बाकावर बसलेला फोंड्याचा रुग्ण यांच्या हातांतील कागदांत फारसा फरक नसतो. गोव्यातील प्रयोगशाळांनी ही एक ओळ छापण्यास आरंभ केला, तर घाटावरच्यांना सांगण्याचा नैतिक अधिकार आम्हांस प्राप्त होईल.

तोवर वाचकांनी आपल्यापुरते एक करावे. घरातील कोणाच्या सोनोग्राफीत यकृतातील चरबीचा उल्लेख असेल, तर त्याचा रक्ताचा अहवाल काढून एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावे. उत्तर १३० च्या वर असेल, किंवा मधुमेह वा उच्च रक्तदाब असून १०० च्या वर असेल, तर एलडीएलच्या रकान्यातील सुखद आकड्यावर न विसंबता दोन्ही कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि हा आकडा मोजलेला आहे की हिशेबाचा, असे विचारावे. निपाणीची विडी कामगार स्त्री आपली मजुरी हजार विड्यांच्या मोजणीवर घेते. मोजणारा चुकला तर आपल्या पदरी किती घट येते, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. मजुरीच्या मोजणीत जो नेमकेपणा तिचा हक्क आहे, तोच तिच्या रक्ताच्या मोजणीतही आहे. तो तिला मिळवून देणे हे तीनही राज्यांच्या आरोग्य खात्यांचे कर्तव्य होय, आणि ते त्यांनी विनाविलंब पार पाडावे.